माहुली ते भंडारगड: फुलांच्या दिवसात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ठाण्यातून फुलं बघायला जायचं म्हटलं की लोक डायरेक्ट कासचं नाव काढतात, मग साताऱ्यापर्यंतचा प्रवास, ऑनलाइन बुकिंग, आणि तिथे पोचल्यावर दोरीच्या अलीकडून फोटो. कास भारीच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कसारा लोकल पकडली तर आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात आसनगावजवळ माहुलीचा डोंगर आहे, आणि त्याच्या माथ्यावरून दक्षिणेला भंडारगडाकडे जाणारी वाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलांनी भरलेली असते आणि तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. फिरकत नाही याचं कारणही सांगतो, ती वाट कोणी राखत नाही. गवत कंबरेपर्यंत, कारवीच्या झुडपांत वाट हरवते, बोर्ड नाही, रेलिंग नाही, चहाची टपरी नाही. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय, ज्यांनी आत्तापर्यंत फक्त गर्दीतले ट्रेक केलेत किंवा एकही केला नाही त्यांच्यासाठी.

आधी डोंगर समजून घ्या. माहुली म्हणजे एक गड नाही, तीन आहेत, उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली आणि दक्षिणेला भंडारगड, तिघांची मिळून एक लांब धार. उंची साधारण २८०० फूट. ऐकायला जास्त वाटत नाही पण पायथा जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे, म्हणजे बहुतेक सगळी उंची आपल्या पायांनी चढायची, लोणावळ्यासारखं अर्धं गाडीने नाही. रविवारी येणारे बहुतेक लोक वरच्या लोखंडी शिडीपर्यंत येतात, सेल्फी काढतात, महादरवाजा बघतात आणि परत. भंडारगडाचा रस्ता तिथून पुढे सुरू होतो.

कधी जायचं

माझं ऐकाल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. जुलै-ऑगस्टमध्ये नको. धुकं इतकं असतं की पुढचा माणूस दिसत नाही तर फूल कुठून दिसणार, कातळावर शेवाळ, ओढ्यांना अचानक पाणी, शिवाय धबधब्यांच्या ठिकाणी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बंदीचे आदेश काढतं, त्यामुळे निघायच्या आधी त्या आठवड्याची बातमी बघूनच ठरवा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर गेलात तर गवत पिवळं, ऊन मरणाचं आणि मोज्यांत कुसळं, ती रात्री घरी बसून चिमट्याने काढत बसायची.

फुलंही सगळी एकदम येत नाहीत. रानहळद पावसाच्या सुरुवातीची, तेरडा ऑगस्ट-सप्टेंबरचा, सोनकी सगळ्यात शेवटी. गौरीच्या आधी ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात तेरड्याच्या जुड्या दिसायला लागल्या की डोंगरावर काय चाललंय याचा अंदाज येतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते खरं असलं तरी एका झाडाचं संपतं तेव्हा शेजारच्याचं सुरू झालेलं असतं, सो घाबरून पहिल्याच वीकेंडला पळायची गरज नाही.

कारवीचं वेगळं आहे. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, सगळी एकदम, जांभळी-निळी, आणि मग बी टाकून मरून जाते. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २०१६ ला आणि परत २०२४ ला फुलली होती. पण प्रत्येक डोंगराचं वर्ष तेच असेल असं नाही, एका धारेवर फुललेली आणि समोरच्यावर नुसती हिरवी असंही असतं. म्हणून कारवीसाठी जायचं असेल तर आधी गावात विचारा. नुसती फुलं बघायची असतील तर कारवी न फुलल्याने काही अडत नाही.

तयारी, आणि ती घरातून

अजिबात चालायची सवय नसेल तर दोन-तीन आठवडे आधी सुरू करा. ठाण्यात येऊरच्या गेटपासून पाटोणपाड्यापर्यंत रस्त्याने चालत जाऊन यायचं, सकाळी, पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन. रिकाम्या पाठीने केलेली प्रॅक्टिस कामाची नाही. नवी मुंबईवाल्यांना खारघरची टेकडी आहेच. जिने चढताय तर उतरायची पण प्रॅक्टिस करा, कारण गुडघे चढताना नाही उतरताना बोंबलतात.

बूट: जिमचे गुळगुळीत स्पोर्ट शूज नकोत, सोलला खाचा हव्यात. हजारो रुपये घालवायची गरज नाही, आपल्याकडचे अर्धे ट्रेकर वर्षानुवर्षं ॲक्शनच्या ट्रेकिंग शूजवर सह्याद्री फिरलेत. नवीन असतील तर आधी आठवडाभर घालून फिरा. कपडे फुल बाह्यांचे आणि फुल पँट, मग कितीही उकडू दे, कारण कारवीच्या फांद्या आणि गवताची पाती हात-पाय ओरबाडतात आणि वर खाजकुयली आहे. तिच्या शेंगांवरची लव अंगाला लागली तर चोळू नका, चोळलं की ती आणखी आत जाते, चिकटपट्टी लावून उचलून काढायची. म्हणून सॅकमध्ये एक सेलोटेपचं रीळ टाकून ठेवा, हसतात लोक पण उपयोगी पडतं. जीन्स नको, भिजली की वजन दुप्पट आणि वाळत नाही.

पाणी माणशी तीन लिटर कमीत कमी, ऊन असेल तर चार. वर टाकी आहेत पण त्यांच्या भरवशावर पहिल्यांदा जाणाऱ्याने राहू नये. त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू किंवा इलेक्ट्रल. खायला पोळीचे रोल, थालीपीठ, खजूर, चिक्की, असं काहीही जे हातात धरून उभ्याने खाता येईल. बिस्किटाचे पुडे नेताय तर त्यांचे कागद परत खाली आणायचे, केळ्याची सालं पण, "ते कुजतंच ना" हे मला सांगू नका, तिथली माकडं त्यानेच माणसांच्या सॅकवर उड्या मारायला शिकतात.

बाकी सॅकमध्ये: टॉर्च (मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च नाही), शिट्टी, पॉवर बँक, क्रेप बँडेज, पाऊस आला तर पोंचो, आणि सॅकच्या आत सगळं एका मोठ्या प्लास्टिक पिशवीत. एक काठी. ही काठी फार महत्त्वाची आहे, पुढे सांगतो का ते. रोख पैसे ठेवा, पायथ्याला नेटवर्क येईलच असं नाही.

आणि एकटे जाऊ नका. चार ते सहा जण बरे. वीस जणांचा ग्रुप घेऊन कारवीत शिरलात तर अर्धा वेळ "मागचे कुठे राहिले" यातच जातो.

निघायचं कसं

ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल पकडायची, एम-इंडिकेटर ॲपवर टायमिंग बघून घ्या, आसनगावला सव्वा तासाच्या आसपास लागतो. टिटवाळा लोकल पकडून पुढचं बघू असं करू नका, पुढची गाडी येईपर्यंत ऊन चढतं. स्टेशनवर उतरलं की पोहे-वडा मिळतो, तिथेच खाऊन घ्या. ठाण्यातली मामलेदारची मिसळ परत आल्यावर, आधी नको, चढावर कळेल का ते. स्टेशनपासून माहुली गाव पाचेक किलोमीटर, रिक्षा करा आणि संध्याकाळी परत न्यायला येणार का हे त्याच वेळी ठरवून रिक्षावाल्या दादांचा नंबर घ्या, कारण पाच-सहा वाजता गावात रिक्षा उभीच असेल असं नाही, आणि ट्रेकनंतरचे पाच किलोमीटर डांबरावर चालणं म्हणजे शिक्षा आहे.

सातच्या आत पायथ्याला हवं. गावाजवळ वनखात्याची चौकी आहे, तिथे नाव नोंदवा, फी भरा. हा सगळा भाग तानसा अभयारण्याचा, त्यामुळे प्राणी आहेत, बिबट्या पण आहे. तो तुम्हाला दिसणार नाही, तुम्ही त्याला दिसाल. नोंद करताना "भंडारगडापर्यंत जाणार" असं स्पष्ट सांगा, म्हणजे संध्याकाळी तुम्ही आला नाहीत तर कुठे शोधायचं ते कोणाला तरी माहीत असेल. राहायचा विचार असेल तर परवानगीचं तिथेच विचारा, पण पहिल्या वेळी राहू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: गावातून वाटाड्या घ्या. ज्यांनी भंडारगडाची धार कधी बघितली नाही त्यांनी तर घ्याच. पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका, दुपारचं जेवण त्यांच्यासाठीही न्या. ही माणसं त्या जंगलात लहानपणापासून फिरलीयत, कुठल्या झाडाचं काय होतं, कुठली भाजी कधी येते, कुडाच्या भिंतीला कारवीच्या काठ्या कधी तोडायच्या, सगळं माहीत. मामा, दादा करून नीट बोललात तर तुमच्या ॲपला न ओळखता येणारी फुलं ते ओळखून देतील, नावं वेगळी असतील एवढंच.

शिडीपर्यंत

हा टप्पा सोपा नाही पण सरळ आहे, वाट मळलेली, चुकायचा प्रश्न फारसा नाही. दोन-अडीच तास धरा. सुरुवातीला जंगल, मग धारेवरून चढ, आणि शेवटी लोखंडी शिडी. एकच सांगेन, पहिल्या अर्ध्या तासात कोणाशी शर्यत लावू नका, बोलता येईल एवढ्याच स्पीडने चाला. पुढे कॉलेजची पोरं गाणी लावून पळत जातील, जाऊ दे, ती वरच्या झाडाखाली आडवी पडलेली भेटतात.

जंगलात सावलीला रानहळदीचे गुलाबी तुरे असतील तर नशीब, सप्टेंबरमध्ये संपत आलेले असतात. वाटेच्या कडेला भारंगीची निळसर फुलं बघा. आणि झुडपांवर चढलेली, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी वर वळलेल्या पाकळ्यांची दिसली तर ती कळलावी, गौरीला वाहतात ती. दिसायला कितीही सुंदर असली तरी कंदापासून फुलापर्यंत सगळी विषारी आहे, त्यामुळे हात लावायचं काम नाही, बरोबर लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा. शिडीवर एका वेळी एकच माणूस. ओली असेल तर तोंड शिडीकडे करूनच उतरायचं, मोबाइल खिशात.

वर आल्यावर महादरवाजाचे अवशेष आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. इथे बसून पाणी प्या, खा. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवायचा शेवटचा प्रयत्न इथेच केला, वेढा पडला आणि निजामशाही संपली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांकडे गेला आणि १६७० ला मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला. देवडीत बसून समोरचं जंगल बघितलं की वेढा घालणाऱ्यांचे काय हाल झाले असतील ते कळतं.

घड्याळ बघा. साडेदहा वाजून गेले असतील तर भंडारगड विसरा, इथेच माथ्यावर फिरा, फुलं इथेही आहेत.

महादरवाजा ते भंडारगड, म्हणजे खरं काम

तास-दीड तास लागतो, फुलं बघत गेलात तर त्याहून जास्त. इथे पहिली गोष्ट शिकायची म्हणजे मळलेली वाट आणि ढोरवाट यातला फरक. ढोरवाट गवतात छान रुंद दिसते, आडवी आडवी जाते, आणि मग तिला तीन फाटे फुटतात, ते तिन्ही पुढे गवतात विरून जातात. माणसाच्या वाटेवर दगड झिजलेले असतात, जुन्या तोडलेल्या फांद्यांचे खुंट असतात, कुठेतरी रंगाचा बाण, आणि सांगायला लाज वाटते पण वेफर्सचा कागद. वीस-पंचवीस पावलं झाली आणि यातलं काहीच दिसलं नाही तर थांबा आणि जिथे शेवटची खात्री होती तिथे परत या. पुढे जाऊन बघू, मिळेल, असं करत गेलेलेच हरवतात. ऑफलाइन मॅप घरून डाउनलोड करून न्या, पण कारवीच्या आत जीपीएसचा ठिपका पण इकडे-तिकडे उड्या मारतो, त्यामुळे डोळे वाटेवर, मोबाइल फक्त खात्रीला. आणि प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढा, परत येताना तीच जागा उलट्या बाजूने पूर्ण वेगळी दिसते.

चुकलात असं वाटलं तर ओढ्याने किंवा नळीने (कड्यातल्या अरुंद घळीने) खाली उतरायचा विचार डोक्यात आणू नका. पाणी खाली गावात जातं हे खरं पण सह्याद्रीत ते कड्यावरून उडी मारून जातं, तुम्हाला तशी मारता येत नाही. गडाच्या कल्याण दरवाजाच्या बाजूचा उतारही कातळातला, दोर आणि अनुभव लागणारा, तिकडे नुसतं बघायलाही कडेला जाऊ नका. हरवलात तर एका जागी बसा, मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबा, परत सहा. रेंज असेल तर ११२.

काठी इथे लागते. पुढच्याने गवतात आपटत जायचं, सापाला वेळ मिळाला की तो स्वतःच निघून जातो. फुरसं दगडात असतं, आणि चापडा हिरवागार, फांदीवर पानांसारखा गुंडाळून बसलेला, म्हणून कारवीची फांदी धरायच्या आधी बघून धरा. कारवी ओली-हिरवी असेल तर चढावर आधाराला मस्त, पण फुलून गेलेल्या वर्षानंतरची वाळकी काठी धरली तर ती तुमच्यासकट खाली. साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. तो पाय किंवा हात न हलवता काठीला बांधून ठेवायचा, माणसाला चालवत न्यायचं नाही, उचलायचं, १०८ ला फोन करायचा आणि शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. आग्या मोहोळं कड्यांना लटकलेली असतात. परफ्यूम, धूर, आरडाओरडा तिन्ही बंद.

आता फुलं. उतारांवर तेरड्याचा गुलाबी पट्टा दिसेल, त्याची फुगीर शेंग बोटाने नुसती टेकवली की फट्कन फुटते आणि बिया उडतात, एखादी फोडून बघा, मोह आवरत नाहीच. कारवी संपून उघडा कातळ लागला की मात्र थांबा, आणि खाली बसा. उभ्याने इथलं काही दिसत नाही. कातळावर मातीचा थर बोटभर, पाणी मुरत नाही, झाडं रुजू शकत नाहीत, म्हणून तर या बारक्या झाडांना जागा मिळते. कवळ्याची पिवळी फुलं, पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात, कारण दोन कान आणि लाल ठिपके तसेच दिसतात. गेंदाची पांढरी बटणं. आभाळीची निळी-जांभळी केसाळ फुलं. आणि ओलसर जागेत सीतेची आसवं, नाजूक जांभळी, आणि प्रकार बघा, हे झाड किडे खातं, मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत पकडून, कारण त्या मातीत खायला काही नाहीच. कड्याच्या कडेला सोनकी, ऑक्टोबर जवळ आला की अख्खी धार पिवळी. आमरी म्हणजे जमिनीवरची ऑर्किड दिसली तर ठिकाणाचं लोकेशन टाकून फोटो पोस्ट करू नका, खणून नेणारे लोक आहेत.

फोटोसाठी फुलांत आडवं झोपणं हा अलीकडचा रोग आहे. बोटभर मातीवर पन्नास किलोचं माणूस लोळलं की पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? उघड्या दगडावर पाय ठेवून फिरा, दगड भरपूर आहे. तोडू नका हे वेगळं सांगत नाही, तसंही पायथ्यापर्यंत एकही टिकत नाही.

भंडारगडाच्या टोकावरून नवरा, नवरी, भटोबा हे सुळके समोर उभे असतात. कडेपासून दोन माणसांचं अंतर ठेवून बसा. गवताने कडा झाकलेली असते, जमीन आहे असं वाटतं आणि नसते.

परत कधी फिरायचं

एक वाजता. जिथे असाल तिथून. टोक पाच मिनिटांवर असलं तरी. हिशोब साधा आहे, टोकापासून महादरवाजा तास-सव्वा तास, तिथून शिडी आणि खाली उतरायला अडीच तास, म्हणजे न थांबता गेलात तर खाली पोचायला पाच वाजतात, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो, जंगलात त्याच्या आधीच अंधार. ज्याचा गुडघा दुखतो त्याच्या स्पीडने सगळा ग्रुप उतरणार हे धरून चाला.

दुसरं कारण परतीचा पाऊस. सकाळी निळं आभाळ आणि दुपारी तीनला गडगडाट, हे या दिवसांचं ठरलेलं. ढग काळे होऊन वर चढायला लागले की धार सोडून खालच्या जंगलाकडे निघा, एकट्या उंच झाडाखाली थांबू नका, काठ्या-छत्र्या खाली ठेवा, एकमेकांपासून लांब लांब बसा. विजा चालू असताना लोखंडी शिडीला हात लावू नका, अलीकडेच थांबा, अर्ध्या तासाने उतरलात तरी चालेल. एकपर्यंत निघालेल्यांकडे तो अर्धा तास असतो.

उतारावर पाऊल आडवं टाका, ओल्या मुळांवर नको. खाली आलात की चौकीवर परतल्याचं सांगा, वाटाड्याचे पैसे तिथल्या तिथे द्या, रिक्षाला फोन करा. रविवार असेल तर आसनगावहून येणाऱ्या लोकलला गर्दी असते, बूट चिखलाचे, सॅक पुढे घ्या, लोकांना लागते. घरी गेल्यावर आधी मोजे आणि कानामागे, बगलेत गोचीड आहे का ते बघा, असेल तर नखाने ओरबाडू नका, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, आणि बुटात रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा.